‘आय/ओ बोर्ड सापडत नाही’: बोर्ड बदलण्याआधी एवढं तपासा

फोन ठरल्या वेळीच येतो. शनिवार, संध्याकाळचे साडेसात, गेम झोनमध्ये पाय ठेवायला जागा नाही आणि रेसिंगच्या मशीनवर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं: आय/ओ बोर्ड सापडत नाही. मॅनेजर सांगतो, ‘दादा, बंद करून चालू केलं की चालतं, पण अर्ध्या तासात पुन्हा तेच.’ मी सोमवारी सकाळी जातो तेव्हा मशीन शहाण्या पोरासारखं चालत असतं.

ठाण्यातल्या एका मॉलमध्ये अशाच एका मशीनचा बोर्ड माझ्याआधी तीनदा बदलला गेला होता. तिसरा तर परदेशातून मागवलेला, सहा आठवडे मशीनवर ‘बंद आहे’चा कागद चिकटवून. तिन्ही बोर्ड चांगले होते. त्यातले दोन अजून माझ्या कपाटात आहेत आणि दोन्ही चालतात. दोष होता हार्नेसमधल्या, म्हणजे मशीनच्या आतल्या वायरिंगच्या जुडग्यातल्या, एका पिनेत.

पडद्यावरच्या त्या ओळीचा अर्थ नीट समजून घ्या. गेमच्या प्रोग्रामने हाक मारली आणि उत्तर आलं नाही, एवढंच त्या प्रोग्रामला ठाऊक असतं. हाक पोचलीच नाही, ऐकणारा झोपला होता, की उत्तर वाटेत हरवलं, यातलं त्याला काहीही कळत नाही. आपण मात्र ‘बोर्ड’ हा शब्द वाचतो आणि बोर्डाच्याच मागे लागतो. शेजारच्याने दार उघडलं नाही म्हणून तो घरात नाही असं ठरवण्यासारखं आहे हे. बेलची वायर कुणी बघितलीय?

आधी तुमचा रस्ता कोणता ते ओळखा

२००० नंतरच्या बऱ्याचशा मोठ्या आर्केड मशीनच्या पोटात पीसीच असतो. टायटोचं टाइप एक्स २००४ मध्ये आलं ते विंडोज एक्सपी एम्बेडेडवर. सेगाच्या लिंडबर्गमध्ये पेंटियम ४ आणि एनव्हिडियाचं ग्राफिक्स, वर लिनक्स. त्यानंतरचं रिंगएज पुन्हा विंडोजवर. पेटी कितीही परग्रहावरची दिसली तरी आत मदरबोर्ड, रॅम आणि एसएमपीएस (वीजपुरवठ्याची पेटी). पण या पीसीला स्टीअरिंग, पेडल, बंदूक, कॉइनचा स्विच यांची भाषा येत नाही. मध्ये दुभाषा लागतो, तो म्हणजे आय/ओ बोर्ड.

दुभाषा आणि पीसी यांच्यात बोलण्याचे रस्ते साधारण तीन: जेव्हीएस (जपानी आर्केड मशीनांची ठरलेली जोडणी), साधा सिरियल कॉम पोर्ट, किंवा खराखुरा यूएसबी. मॅन्युअल असेल तर वायरिंगच्या पानावर मिळेल. नसेल (आपल्याकडे सेकंडहँड मशीनसोबत मॅन्युअल मिळणं म्हणजे लॉटरी) तर केबल पीसीच्या नेमक्या कुठल्या तोंडातून निघते ते बघा.

इथे एक जुना सापळा आहे. जेव्हीएसची केबल दिसायला हुबेहूब यूएसबीची: एका टोकाला ए, दुसऱ्याला बी, प्रिंटरची असते तशी. पण आत यूएसबी नावालाही नाही. ते आरएस-४८५ नावाचं सिरियल आहे, ११५२०० बॉडच्या वेगावर. चारातल्या दोन तारांवर डेटा, एक ग्राउंड, आणि यूएसबीत जिथे ५ व्होल्ट असतात तिथे ‘सेन्स’ नावाची तार. त्यामुळे ‘लॅपटॉपला लावून बघतो ओळखतो का’ हा प्रयोग करू नका. ओळखणार तर नाहीच, वर लॅपटॉपचे ५ व्होल्ट सेन्सच्या तारेत घुसतील. मशीनच्या मागे दोन सारखी तोंडं असतील तर आजच मार्करने एकावर ‘जेव्हीएस’ लिहून टाका. साफसफाई करणाऱ्या पोराला तो फरक कसा कळणार? कळत नाही म्हणून त्याच्यावर ओरडणारे मालक मी पाहिलेत. मार्कर दहा रुपयांना मिळतो.

पहिला संशय: ५ व्होल्ट, आणि ते बोर्डावर मोजलेले

आता त्या ठाण्याच्या मशीनकडे. माझ्याआधी आलेल्या प्रत्येकाने ५ व्होल्ट मोजले होते. सगळ्यांनी एसएमपीएसच्या टर्मिनलवर मोजले होते आणि सगळ्यांना ५.०३ दिसले होते. बरोबरच होतं ते. पण बोर्ड एसएमपीएसच्या टर्मिनलवर बसलेला नसतो. तो दीड-दोन मीटर वायर आणि दोन-तीन कनेक्टर ओलांडून पलीकडे असतो.

मी सोमवारी बोर्डाच्या पिनांवर मोजलं तर ४.९४. चालण्यासारखं. ५ व्होल्टच्या सर्किटला पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ४.७५ ते ५.२५. तेव्हा मीही हात हलवत परत आलो असतो. पण फोन शनिवारचाच का येतो हा प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून शनिवारी संध्याकाळी मीटरच्या तारा बोर्डाला क्लिपने अडकवून, मशीनचं मागचं दार लोटून, शेजारी स्टूल टाकून बसलो. मुलं ओळीने खेळत होती. पाऊण तासात ४.९४ चे ४.८५ झाले, मग ४.७०. ४.६० च्या खाली आकडा गेला आणि पडद्यावर तीच ओळ.

कारण शोधायला मग पाच मिनिटं लागली. वाटेतल्या पांढऱ्या कनेक्टरमधल्या एका पिनेभोवतीचं प्लॅस्टिक चहाच्या रंगाचं झालं होतं. क्रिम्प, म्हणजे वायर चेपून धरणारी पिनेची पकड, ढिली. थंड असताना तिचा रोध जवळपास नगण्य. पण सलग खेळ चालला, पिन तापली, की तो वाढत जातो. हिशेब सोपा आहे: ३ अँपिअर वाहत असतील आणि संपर्काचा रोध ०.१५ ओहम झाला तर तिथेच ०.४५ व्होल्ट गळतात. ५.०३ चे ४.५८ उरतात. वर त्या इवल्याशा पिनेत सव्वा वॉटहून जास्त उष्णता तयार होते, ती पिनेला आणखी तापवते, आणि रोध आणखी वाढतो. बऱ्याच बोर्डांवर व्होल्टेजवर नजर ठेवणारी एक चिप असते, ४.६ च्या आसपास ती बोर्डाला रीसेट मारते. बोर्ड रीसेट झाला की त्याचं पीसीशी चाललेलं बोलणं तुटतं. मॅनेजर मशीन बंद करतो, चार मिनिटं जातात, पिन थंड होते, मशीन चालू. ‘बंद करून चालू केलं की चालतं’ याचं कोडं एवढंच. आठवड्याभरात मधूनमधून एखादा खेळ होतो, पिन तापायला वेळच मिळत नाही.

इथे लोक दोन चुका करतात. पहिली म्हणजे एसएमपीएसवरचा छोटा स्क्रू फिरवून ५ व्होल्टचे ५.४ करणं. शनिवारपुरतं चालतं. पण पिन थंड असताना तेच ५.४ बोर्डावर पोचतात, आणि मग खरोखरच बोर्ड बदलावा लागतो. दुसरी चूक: कनेक्टर काढून, फुंकर मारून, परत दाबणं. ते दोन आठवडे चालतं.

दुरुस्ती अशी करा. जळकी पिन कापा, वायर मागे तांबं चकचकीत दिसेपर्यंत सोला, नवीन पिन क्रिम्पिंगच्या हत्याराने बसवा (पकडीने चेपू नका) आणि प्लॅस्टिकचा हाउसिंगही नवा घाला. समोरच्या बाजूची पिनही बदला. तापलेल्या पिनेचा स्प्रिंग मेलेला असतो, ती नव्यालाही बिघडवते.

मोजायची एक युक्ती सांगतो, ती मला फार उशिरा कळली. मीटरची एक तार एसएमपीएसच्या +५ वर आणि दुसरी बोर्डाच्या +५ वर ठेवा. मीटर थेट वाटेत गळलेलं व्होल्टेज दाखवेल. मशीनवर खेळ चालू असताना ते ०.१ च्या वर गेलं की वाटेत काहीतरी आहे. मग हेच ग्राउंडच्या बाजूने करा. ग्राउंडची पिनही तितकीच जळते, पण काळ्या वायरकडे कोणी बघत नाही.

दार उघडण्याआधी हे लक्षात असू द्या: एसएमपीएसच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरवर आपल्या २३० व्होल्टपासून बनलेले सव्वातीनशेच्या आसपास डीसी व्होल्ट असतात, आणि स्विच बंद केल्यावरही काही वेळ राहतात. एसएमपीएसचं झाकण उघडायची या सगळ्यात कुठेही गरज नाही.

जेव्हीएस असेल तर सेन्सची तार

५ व्होल्ट खेळ चालू असतानाही ठीक असतील तरच पुढे या.

जेव्हीएसमध्ये एकामागे एक असे अनेक बोर्ड जोडता येतात. कोणाचा नंबर कुठला हे ठरतं सेन्सच्या तारेवर. पीसीच्या बाजूला मोजलं की ती तीन गोष्टी सांगते. ५ व्होल्टच्या आसपास असेल तर पलीकडे कोणी जोडलेलंच नाही. अडीचच्या आसपास असेल तर बोर्ड आहे, पण त्याला अजून नंबर मिळालेला नाही. शून्याजवळ गेली तर सगळ्यांना नंबर मिळाले, बोलणं सुरू. नुसत्या या एका आकड्यावरून निम्मा निकाल लागतो. ५ दिसले तर केबल किंवा तिची तोंडं बघा. बोर्डाला वीज मिळते का ते आधीच बघून झालंय. अडीचवर अडकून राहिली तर बोर्ड हजर आहे पण डेटाच्या दोन तारांत गडबड आहे: एक तुटलेली, नाहीतर कुणी केबल घरी बनवताना उलटसुलट जोडलेली.

नंबर वाटप शेपटीकडून होतं. साखळीतला सगळ्यात लांबचा बोर्ड पहिला नंबर घेतो. त्यामुळे दोन बोर्डांच्या मशीनमध्ये मधली केबल सैल झाली की जवळचाच बोर्ड स्वतःला शेवटचा समजून पहिला नंबर उचलतो, आणि गेम म्हणतो दुसरा कुठाय. अशा वेळी जो ‘सापडत नाही’ तो बोर्ड ठणठणीत असतो.

बोर्ड मशीनबाहेर काढून टेबलावर तपासायचा असेल तर यूएसबी-ते-आरएस-४८५ कन्व्हर्टर आणि हेक्स आकडे पाठवू शकणारा कुठलाही सिरियल टर्मिनल प्रोग्राम पुरतो. खालचे सगळे आकडे हेक्स, म्हणजे सोळाच्या पद्धतीतले आहेत. आधी रीसेट, दोनदा: ई०, एफएफ, ०३, एफ०, डी९, सीबी. मग नंबर द्या: ई०, एफएफ, ०३, एफ१, ०१, एफ४. बोर्ड जिवंत असेल तर उलट येतं ई०, ००, ०३, ०१, ०१, ०५. शेवटचा आकडा म्हणजे ई० सोडून मधल्या सगळ्यांची हेक्समधली बेरीज, शेवटचे दोन अंक तेवढे ठेवून. स्वतः करून बघा, बरोबर येते. हे उत्तर आलं की बोर्ड परत मशीनमध्ये बसवा आणि त्याचा नाद सोडा.

दुरुस्त केलेलं रोज सकाळी विसरणारं मशीन

दुसरी केस पुण्यातली आणि तिने मला बोर्डापेक्षा जास्त छळलं. सिरियलचं मशीन, पण पीसीला मूळ कॉम पोर्ट नाही, म्हणून यूएसबी-ते-सिरियल अडॅप्टर. गेम कॉम ३ वर बोर्ड शोधायचा आणि विंडोज म्हणायचं कॉम ५. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन नंबर ३ केला, गेम लगेच चालू. चहा घेऊन घरी. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला फोन. पुन्हा गेलो, पुन्हा ५ दिसतोय. तीन दिवस हाच खेळ.

चौथ्या दिवशी ट्यूब पेटली. एक्सपी एम्बेडेडमध्ये राइट फिल्टर म्हणून एक सोय असते. ती चालू असली की डिस्कवर जे काही लिहिलं जातं ते खरं तर मेमरीत जातं. वीज गेली की सगळं पुसलं जातं आणि मशीन पुन्हा पहिल्या दिवसासारखं उठतं. आर्केडसाठी हे वरदान आहे, कारण इथे कोणी शटडाउन करत नाही, रात्री थेट एमसीबी खाली. पण तुमची दुरुस्तीही त्याच वाटेने जाते. बदल कायम ठेवायला फिल्टरला ‘कमिट’ सांगावं लागतं, आणि तेही प्रत्यक्षात डिस्कवर उतरतं विंडोज व्यवस्थित शटडाउन होताना. म्हणजे कमिट करून सवयीने एमसीबी पाडला तर पुन्हा शून्य.

मी मात्र कमिट केलं नाही. आधी विचारलं, नंबर मुळात बदलला कशामुळे? दिवाळीच्या साफसफाईत कोणीतरी अडॅप्टर काढून शेजारच्या तोंडात घातला होता. स्वस्त अडॅप्टरमध्ये बहुतेकदा सीएच-३४० चिप असते आणि तिला स्वतःचा सिरियल नंबर नसतो. विंडोज तिला ओळखतं ती कुठल्या तोंडात बसली आहे यावरून. तोंड बदललं की त्याच्या मते नवीन अडॅप्टर, नवीन कॉम नंबर. जुन्या तोंडात परत घातला, कॉम ३ आपोआप आला. त्यावर बायकोच्या लाल नेलपॉलिशचा एक ठिपका अडॅप्टरवर, एक पीसीवर. फिल्टरला हात लावायची गरजच पडली नाही. कुलूपबंद मशीनच्या सिस्टममध्ये लिहिण्यापेक्षा एक प्लग हलवणं केव्हाही बरं, कारण काही गेम स्वतःच्या फायली बदलल्या का हेही तपासतात.

अडॅप्टर बदलायचाच असेल तर स्वतःचा सिरियल नंबर असलेल्या एफटीडीआय चिपचा घ्या, तो तोंड बदललं तरी कॉम नंबर सोडत नाही. मात्र त्याचा ‘लेटन्सी टायमर’ मुळात १६ मिलिसेकंदांवर असतो. उत्तर लगेच हवं असणाऱ्या गेमला तेवढा उशीर खपत नाही आणि अधूनमधून ‘सापडत नाही’ येतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये तो १ करा. आणि साध्या विंडोजवर चालणारं मशीन असेल तर पॉवर ऑप्शन्समधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. ते वीज वाचवायला पोर्ट झोपवतं. तीन-चार किलोवॉटचं गेम झोन त्या पोर्टाने काय वाचणार आहे?

एसएसडी टाकली आणि बिघाड सुरू झाला

ही गंमत एकदाच पाहिली, पण सांगायलाच हवी. हलणाऱ्या सीटचं मशीन. जुनी हार्ड डिस्क गेली म्हणून मालकाने एसएसडी टाकून घेतली, आणि त्या दिवसापासून सकाळी पहिल्यांदा चालू केलं की एरर. रीस्टार्ट केलं की ठीक. अर्थात संशय एसएसडीवर. पण एसएसडी काही चुकत नव्हती, ती फक्त लवकर येत होती. सीटच्या मोटरचा बोर्ड वीज मिळाल्यावर आधी सीट टोकापर्यंत नेऊन आपली जागा शोधतो, आणि तेवढा वेळ कोणाला उत्तर देत नाही. जुनी डिस्क सावकाश बूट व्हायची, तोवर त्याचं आटोपलेलं असायचं. आता पीसी आधीच दारात उभा. गेम एकदा हाक मारायचा, उत्तर नाही, एरर. पीसीच्या वीजवाटेवर एक टायमर रिले लावून पीसीला चाळीस सेकंद उशिरा उठवलं. मालकाला अजूनही वाटतं मी एसएसडी हळू केली.

पावसाळा, अर्थिंग आणि बाकीची किरकोळ मंडळी

जून ते सप्टेंबर कोकणपट्टीतून येणारे फोन दुप्पट होतात. मॉलचा एसी रात्री बंद, सकाळी चालू. थंड धातूवर दमट हवेचं पाणी धरतं आणि पिनांवर हिरवी-काळी पुटं चढतात. कॉन्टॅक्ट क्लीनर वापरा किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल. बिजागऱ्यांना मारायचा तेलाचा स्प्रे कनेक्टरमध्ये मारू नका. त्यावर धूळ बसून जी चटणी होते ती काढायला दात घासायचा ब्रश लागतो. सोनेरी पिनांना पॉलिश पेपरही नको, मुलामा निघून जातो.

पीसी एका सॉकेटवर आणि मोटरचा भाग दुसऱ्या सॉकेटवर असेल तर अर्थिंग बघा. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मशीन चालू असताना मोजा. २ व्होल्टच्या वर गेलं की मी मॉलच्या इलेक्ट्रिशियनला बोलावतो. आरएस-४८५ दोन टोकांच्या ग्राउंडमधला फरक उणे ७ ते अधिक १२ व्होल्टपर्यंत सोसतं, पण लिफ्टची किंवा मोटरची झेप त्यापलीकडे सहज जाते. जपानहून आलेलं मूळ १०० व्होल्टचं मशीन असेल तर त्याच्या स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरला हात लावून बघा. चटका बसत असेल तर तो छोटा पडतोय आणि मागचे सगळे व्होल्ट बसके आहेत.

मदरबोर्डवरची सीआर-२०३२ बॅटरी संपली की बायॉस मूळ सेटिंगवर जाते आणि मूळचा कॉम पोर्ट बंद होऊ शकतो. एमसीबी वर केल्यावर पीसी आपोआप उठेनासा झाला, घड्याळ जुनी तारीख दाखवू लागलं, तर आधी ती बॅटरी. जुन्या मदरबोर्डवर प्रोसेसरजवळचे कपॅसिटर माथ्यावर फुगलेत का तेही दार उघडलंच आहे तर बघा. डाँगल (गेम उघडणारी छोटी यूएसबी किल्ली) सापडत नाही अशी एरर वेगळी असते. ती आली तर डाँगल मदरबोर्डच्या मागच्या पोर्टात लावा, समोरच्या लांब वायरच्या पोर्टात नाही. आणि खऱ्या यूएसबीची केबल ५ मीटरच्या वर ओढू नका, जोडावर जोड देऊन तर नाहीच.

हल्ली मी मशीन दुरुस्त झालं की दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवतो: तारीख, थंड असताना बोर्डावरचे व्होल्ट, तासभर खेळ झाल्यावरचे व्होल्ट, सेन्सचा आकडा, कॉम नंबर आणि अडॅप्टर कुठल्या तोंडात. ठाण्याच्या मशीनवर आता लिहिलंय ४.९८ आणि ४.९६. गेल्या शनिवारी मॅनेजरचा फोन आला तेव्हा मी तेवढंच विचारलं, आता किती दाखवतोय? त्याने मीटर लावून सांगितलं, ‘दादा, ४.९६च आहे. पेडल अडकलंय.’